सुभद्राबाईंचे गुडघे

पंजाबरावांच्या घरात खुर्च्या दोन. एक त्यांची, एक पाहुण्याची. बाईमाणसानं खुर्चीवर बसायचं नाही, हा रिवाज चांदूर रेल्वेच्या त्या घरात कोणी घातला, कोणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याही घरांतले रिवाज कोणी घातले, हे आपल्याला तरी कुठं ठाऊक असतं?

त्या वर्षांत कपाशीनं साऱ्या गावाची कंबर मोडली होती. पंजाबरावांचं घर तगलं ते सुभद्राबाईंच्या झेंडूवर. उकिडवं बसून निंदण, उकिडवं बसून तोडणी, घरी आल्यावर जमिनीवर बसून हार. गुडघे सुजले तेव्हा त्यांनी निरगुडीचा पाला बांधला. पंजाबराव म्हणाले, "बाईमाणसाचं दुखतेच." स्वतःचा खांदा आखडला तेव्हा मात्र दुसऱ्याच दिवशी त्यांनी अमरावतीत हाडांच्या डॉक्टर नगमांचा दवाखाना गाठला होता!

एका सकाळी सुभद्राबाई वाफ्यात बसल्या, त्या उठूच शकल्या नाहीत. मजूरबायांनी धरून घरी आणलं. मग कुठं त्यांच्याही नशिबी अमरावतीचा दवाखाना आला.

डॉक्टर नगमांच्या टेबलासमोर एकच खुर्ची होती. पंजाबराव सवयीनं तिच्यावर बसले. सुभद्राबाई भिंत धरून, ओठ आवळून खाली बसू लागल्या.

"पेशंट कोण आहे, काका?"

"हे. माही बायको."

"मग खुर्चीवर तुमी काहून बसले?"

"राहू द्या डॉक्टरीनबाई," सुभद्राबाई घाईनं म्हणाल्या. "याइच्यासमोर मी कशी बसू खुर्चीवर?"

डॉक्टरांनी गुडघ्याचा प्लास्टिकचा नमुना टेबलावर ठेवला. "काका, कवटीची हाडं शिवल्यासारखी घट्ट असतात, हलत नाहीत. मणके थोडेथोडे हलतात. तुमचा खांदा उखळीचा सांधा, चहूकडे फिरतो. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा, मागंच वाकतो, अन् अंगाचं सारं वजन त्याच्यावर. हाडांच्या टोकांवर ही गुळगुळीत कूर्चा, भोवती पिशवी, पिशवीत वंगणासारखं पाणी. सांधा बाईचा असो की माणसाचा, बनावट हीच! काकूंची कूर्चा झिजली."

"म्हंजे बरं नाही होनार?"

"दुखणं कमी करू. पण झिजलं ते पहिल्यासारखं होत नाही. आता उकिडवं बसणं बंद. उंचावर बसायचं, नाहीतर चालणंच बंद होईल. तुमचा खांदा दुखला, तवा तुमी किती थांबले होते, काका?"

पंजाबरावांनी खाली पाहिलं. हे सारं ऐकतानाही आपण खुर्चीवर बसूनच आहोत, हे त्यांना तेव्हा कळलं! शरमेनं त्यांचे कान तापले. ते उठले. चारचौघांत बायकोचा हात त्यांनी आजवर धरला नव्हता, तो धरला.

"बस, सुभद्रा."

त्या बसल्या, पण अगदी कडेला.

आठवड्यानं थोरले भाऊ केशवराव घरी आले. सुभद्राबाई खुर्चीवर बसून हार करत होत्या. दिरांना पाहताच त्या उठू लागल्या.

"बसून राय," पंजाबराव म्हणाले.

"अन् मी कुठं बसू?" केशवरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पाहुण्याची खुर्ची हाये नं, दादा. मी बसतो सतरंजीवर. हे घर हिच्या गुडघ्यांवर उभं राह्यलं, अन् मी ते झिजू देल्ले. लाज वाटून राह्यली मले."

केशवराव पाहुण्याच्या खुर्चीवर बसले. घरी जाताना त्यांची चाल मंदावली होती. त्यांच्या घरीही भिंत धरून उठणारी एक बाई होती.

वाचकहो, तुमच्या घरी कोण भिंत धरून उठतं, ते आज पाहा. रिवाज कधीही मोडता येतो, पण झिजलेले गुडघे आपल्या शहाणपणाची वाट पाहत नाहीत.