बोगदा रोज अर्धा तास रुसायचा

सिंदेवाहीच्या आतल्या बाजूला, तलावाच्या पाळीखालच्या गावात मच्छीमार सोसायटीची एक खोली होती. आधी तिथे जाळी ठेवायचे. आता तिथे एक कॉम्प्युटर, दोन सतरंज्या आणि रोज सकाळी, कॉलेजची बस यायच्या आधी, अकरावीच्या पोरींचा कलकलाट असायचा. या सगळ्याची स्वयंघोषित कलेक्टर म्हणजे आचल.

धडे आणि सरावाचे पेपर होते दूर ऊर्जानगरला, वीजकेंद्राच्या वसाहतीत, तिच्या मावसभावाच्या, लोकेशदादाच्या क्वार्टरमधल्या मशीनवर. ते मशीन साऱ्या जगाला उघडं नको, म्हणून त्याने दोन्हीकडे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर टाकून मध्ये बोगदा काढला होता. म्हणजे इंटरनेटच्या पोटातून जाणारी, फक्त या दोन टोकांना ठाऊक असलेली चोरवाट. सॉफ्टवेअर फुकटचं, आणि त्याचा कोड कोणीही वाचावा, सुधारावा असा. आचलने वाचायला घेतलाही होता. अर्धा डोक्यावरून गेला, पण अर्धा तर कळला ना!

फक्त हा बोगदा रुसायचा. धडा जरा रंगात आला की बंद! बरोबर अर्ध्या तासाने आपोआप चालू, तोवर बस दारात. आचलने वायर बदलली, बोगदा उघडणाऱ्या गुप्त आकड्यांच्या चाव्या नव्याने बनवल्या, मोडेम खिडकीत टांगला. दर वेळी अर्ध्या तासाने चालू झालं की तिला वाटायचं, जमलं! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"तुह्या बोगद्यात घूस शिरली वाट्टे," तिची वर्गमैत्रीण रीना म्हणाली.

सोसायटीचे अध्यक्ष शालिकरामभाऊ मात्र हसले नाहीत. "पोरी, माह्या पडवीत जाळे उंदरं खाऊन राह्यले. सोमवारी मी येतो. चाललं तं खोली तुमची, नाई तं जाळे आत."

आचलने सोमवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. खोली गेली तर अभ्यास गेला. घरी लहान भावंडांच्या दंग्यात पुस्तक कोण उघडणार?

ती कोडला भिडली. एका जागी अडखळली. बोगदा जोडताना, आणि पुढेही दर दोन-चार मिनिटांनी, गावचं मशीन "मी आहे" असा निरोप धाडतं, त्यावर आपल्या घड्याळाची वेळ टाकतं. पलीकडचं मशीन शेवटच्या निरोपाची वेळ लक्षात ठेवतं. नवा निरोप त्याहून जुन्या वेळेचा निघाला, तर कोणी चोरलेला निरोप परत धाडतंय असं समजून फेकून देतं. आणि फेकताना ब्र काढत नाही!

"दादा, हा मुका राग आहे," ती फोनवर म्हणाली. "हाच आपला रोग का ते माहीत नाई, पण फेकताना बोलायला तर लावू."

तिने तीन ओळी लिहिल्या. लोकेशदादाने एक चूक काढली, खूप चिडवलं, आणि रविवारी त्या आपल्या टोकाला बसवल्या.

सोमवारी शालिकरामभाऊ खुर्चीवर बसले. धडा सुरू झाला. आचलने श्वास सोडला, आणि पडदा गोठला.

"झालं?" भाऊ उठायला लागले.

"बसा ना भाऊ, एकच मिनिट!" तिने फोन लावला. "दादा, काही बोललं का ते?"

"बोललं वं, बोललं! म्हणते, निरोप जुना आहे. याच्या आधीचा निरोप अर्धा तास पुढच्या वेळेचा होता. कोणी घड्याळ पुढे केलं का तिकडे?"

दारात झाडू थांबला. खोली उघडणाऱ्या गिरजाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "मीच करतो रोज. बस चुकली तं पोरी जाईन कशा? अर्धा तास पुढे ठेवलं की वेळेवर निघतात. पण हे कॉम्प्युटर मोठं हट्टी, थोड्या वेळानं पाठी येते. म्हून मी रोज पुढे ढकलतो. तूच तं शिकोलं मले!"

आचलने कपाळाला हात लावला आणि फस्सकन हसली. मशीन इंटरनेटवरून खरी वेळ घेत होतं, आणि पलीकडचं टोक गिरजाबाईंच्या वेळेची वाट पाहत बसत होतं!

"दादा, तिकडून बोगदा बंद करून चालू कर. जुनी वेळ विसरू दे त्याले."

पडदा हलला. धडा पुढे सरकला. शालिकरामभाऊ पाय पोटाशी घेऊन बघायला लागले. पेशींची चित्रं होती. त्यांना काय कळत होतं कोण जाणे, पण मान डोलत होती.

"मंग बसचं?" गिरजाबाईंचा जीव तिथेच.

"पडद्यावर तुमच्यासाठी वेगळं मोठं घड्याळ लावतो बाई, अर्धा तास पुढचं. मशीनच्या घड्याळाले हात नका लावू."

धडा संपायच्या आतच पाळीवर बसचा हॉर्न वाजला. आज 'चला, वेळ झाली' असं कोणी ओरडलंच नव्हतं! पोरी दप्तरं शोधू लागल्या. शालिकरामभाऊ चपला न घालताच बाहेर पळाले, बससमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"थांब गा जरा!" ते ड्रायव्हरवर ओरडले. "पोरींचा धडा सुरू हाय. संपू दे."