माझ्या पाठीवरचं पिल्लू

मी पत्त्यांचा कॅट बोलतोय. कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर एके काळी माझंच राज्य होतं. आज मात्र मी जळतोय, आणि ते लपवायची माझी इच्छा नाही. ज्याच्यावर जळतोय ते पाणघोड्याचं एक निळं पिल्लू आहे.

कुठल्या कारखान्यात छापला गेलो ते आठवत नाही. जग पाहिलं ते थेरगावात, डांगे चौकातल्या दुकानात. तिथून नागसेनने मला विकत घेतलं आणि महाळुंग्याला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये आणलं. चौघे समोरासमोर वळून बसायचे आणि गुडघ्यांवर डब्याची बॅग आडवी टाकायचे. त्या बॅगेवर मी! तपासणी विभागातले मधुसूदनकाका, निवृत्तीला टेकलेले. त्यांचा भिडू रोहिदास, थेरगावातल्या जुन्या घरातला फिटर. समोर नागसेन आणि तरुण इंजिनिअर सलिल. खेळ कायम मेंढीकोटचा. दश्श्या ज्यांच्याकडे जास्त, ते जिंकले. तळवड्याच्या सिग्नलला बस अडकली की बाकीचे वैतागायचे आणि हे चौघे म्हणायचे, "चला, अजून एक डाव!" माझा ऊर भरून यायचा.

मग भांडण झालं. रोहिदासने हातची दश्शी नेमकी समोरच्यांच्या घशात घातली आणि काका भडकले. "डोकं घरी ठेवून येतोस का रे?"

रोहिदास कंपनी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. दुसऱ्या दिवशीही दोघे बोलेनात. तेव्हा सलिलने मोबाइल काढला. "माझ्या भाचीचं कार्टून आहे. पाच मिनिटं बघा, मग हवं तेवढं भांडा."

पडद्यावर बुडबुड आलं. तीन वर्षांच्या मुलांसाठी केलेलं ते पिल्लू. डबक्यात पडतं, 'बुडूक' म्हणतं, परत पडतं. त्यात एवढं बघण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही. पण काका हसले. रोहिदासही हसला. मी बॅगेच्या कप्प्यातच राहिलो.

त्यानंतर रोज बुडबुड. नागसेनने त्याचीच रिंगटोन लावली. पिकल्या मिशांच्या काकांनी किल्ल्यांना त्याचं रबरी पिल्लू अडकवलं. मला कोणी विचारेना. अंधारात पडून ते हसणं ऐकायचं आणि धुमसायचं, एवढंच माझं काम उरलं. एकदा ड्रायव्हर साहेबरावांनी त्यांना टोकलं तेव्हा मला कोण आनंद झाला!

"नातवंडं खेळवायच्या वयात कार्टून बघताय? लाज न्हाई वाटत?"

"न्हाई वाटत," रोहिदास म्हणाला. "शिफ्टभर कुनी ना कुनी वरडतंच की आपल्यावर. ह्या पिल्लाच्या घरात कुनी कुनावर वरडत न्हाई, राव."

माझा आनंद तिथंच विरला. माझ्याभोवती बसून हे चौघे एकमेकांवर किती ओरडायचे, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

काकांच्या निवृत्तीचा दिवस जवळ आला. काका गेले की चौकडी मोडणार आणि मी रद्दीत जाणार. जाण्याआधी त्यांनी माझ्यासोबत एक डाव खेळावा, एवढीच माझी इच्छा होती. आणि खरंच, एका दुपारी सलिलने मला कप्प्यातून काढलं! मी हरखलो. पण त्याच्या दुसऱ्या हातात कात्री होती आणि नागसेनकडे गोंद. दोघांनी माझ्या प्रत्येक पत्त्याच्या पाठीवर बुडबुडचं एकेक चित्र चिकटवलं. काकांना निरोपाची भेट म्हणे! माझी लाल नक्षी त्या निळ्या पिल्लाखाली गेली. संतापाने माझा नुसता तडफडाट झाला.

शेवटच्या दिवशी बसमध्ये हार झाला, पेढे झाले. मला हातात घेताच काकांचे डोळे भरून आले. "चला, एक डाव होऊन जाऊ दे!" ते म्हणाले, आणि क्षणभर मी सगळं विसरलो.

एक डाव संपला, दुसरा वाटला आणि काका थबकले. जन्मभर सदोष माल पकडलेली नजर ती. "अरे शहाण्यांनो, प्रत्येक पाठीवर वेगळं चित्र! ते छत्रीवालं बुडबुड म्हणजे बदामचा राजा. मला इथून दिसतोय की!"

सलिलने जीभ चावली. पण डाव थांबला नाही. चौघेही एकमेकांच्या पत्त्यांच्या पाठी बघत, हसत खेळत राहिले. रोहिदासने पुन्हा एक दश्शी घालवली. काका म्हणाले, "जाऊ दे रे. चित्र झकास आहे तिचं." माझ्या एका दश्शीपायी दोन दिवस अबोला धरणारा माणूस हा!

आता मी काकांच्या घरी काचेच्या टीपॉयवर असतो. गुरुवारी सुट्टी असली की रोहिदास येतो, काका मला पसरतात, चित्रं वर करून. दोघे तासभर बुडबुडच्या गप्पा मारतात. माझे राजे, राण्या, एक्के काचेला नाक लावून पालथे पडलेले असतात.

काका, तुमचं त्याच्यावर प्रेम आहे, कळतंय मला. माझ्यापेक्षा जास्त आहे, तेही कळतंय. पण एकदा तरी मला उताणं ठेवा. तेवढा वेळ त्याला खाली राहू द्या. पाणघोडाच आहे तो, गुदमरायचा नाही.