दाराबाहेरचा धूर

मर्लमावशीनं निखाऱ्यांवर ओला पाला टाकला आणि पत्र्याचा डबा कडीला धरून चर्चच्या दाराकडं निघाली. पास्टर लॉयड आडवा आला.

"इथंच बरं, मावशी. आत धुरानं भोंगा वाजतो. मग बंब येतो."

"येऊ दे की. तुमच्या देवाला आगीची भीती आहे होय?"

नात शॉना फिसकन हसली. पास्टरही हसला, पण दारातून हलला नाही.

कार्यक्रमाआधी मूळनिवाशांकडून वदवून घेतात ती स्वागताची दोन वाक्यं बोलायला मावशी काही आली नव्हती. आपलीच जमीन, आणि ती लाटून बसलेल्यांचं कसलं स्वागत! ती आली होती आतल्या कोपऱ्यातल्या खोलीसाठी. मिशनवाले आयांच्या कुशीतून ओढून आणलेल्या पोरी तिथं कोंडत. मावशीची थोरली बहीण तिथंच तापानं गेली. तेव्हाही धूर फिरवू दिला नाही. सैतानाचे चाळे म्हणाले. धूर नाही तर जिवाला वाट नाही. आणि वाट मिळेपर्यंत मेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, हाक ऐकून तो तिथंच घुटमळतो. मावशीनं ते नाव जन्मात उच्चारलं नव्हतं. या इमारतीत पाऊलही टाकलं नव्हतं.

"त्या एका खोलीत तरी फिरवू दे, बाबा."

"विम्याची भानगड आहे हो. माझ्या हातात असतं तर..."

जमीन घेताना कुणाचा विमा आडवा आला नव्हता.

धूर बाहेरच, उभ्या मोटारींवरून विरून गेला. मग कार्यक्रमाला जमलेले सगळे आत गेले. मावशी उघड्या दाराबाहेर डब्यापाशी उभी राहिली. पास्टरनं माफी मागितली. मनापासून मागितली. ही जमीन तुमची, म्हणाला. मग कोपऱ्यातल्या दारावरचा पडदा ओढला. खाली पितळी पाटी.

"आजपासून ही खोली मावशींच्या थोरल्या बहिणीच्या नावानं ओळखली जाईल!"

आणि त्यानं माइकवरून ते नाव घेतलं. मग सगळ्यांनी मिळून घेतलं. टाळ्या वाजल्या.

शॉनानं मावशीचा दंड धरला. "आजी, चल. घरी जाऊ."

"आता दर रविवारी घेतील गं. चहाला बोलावतील त्या खोलीत, नाव घेऊन."

मावशीनं निखाऱ्यांवर पाण्याची बादली ओतली. मग उंबरा ओलांडून आत गेली आणि त्या दारालगतच्या बाकावर टेकली. जरा सरकून तिनं शेजारी जागा केली.

शॉना तिथं बसायला वाकली, तर मावशीनं हात आडवा धरला.