बांधावरची तुती

मातीच्या धरणावर झाड वाढू द्यायचं नसतं, हे राखणदाराला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणत असेल तर साफ खोटं. कुठं रोपटं दिसलं की चार शिव्या हासडून तो ते उपटायचा. मुळं भरावात वाट काढतात, त्या वाटेनं पाणी शिरतं आणि बघता बघता अख्खं धरण वाहून जातं. सगळं तोंडपाठ! पण बायकोनं लावलेल्या तुतीपाशी आला की गडी डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचा.

घेणारच की! धरण नव्हतं तेव्हा पुराचं पाणी खालच्या आळीत शिरलं आणि यांची धाकटी आईच्या हातातून निसटली. पोरीचा पत्ता लागला नाही तो नाहीच. पुढं धरणाचं काम निघालं, तेव्हा दोघंही मजुरीला गेली. काम संपलं तशी बायकोनं उतारावर तुती लावली, कारण धाकटीचा तुतीवर भारी जीव. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती तिथं बसायची, घरातलं बारीकसारीक सांगायची. थोरलीला मुलगा झाला, तेही आधी तुतीला सांगून आली.

यंदा तुतीच्या बुडातून पाणी पाझरताना दिसलं. राखणदारानं ते ओंजळीत धरलं. निवळ असतं तर मेल्यानं आणखी एक वर्ष ढकललं असतं. पण पाणी गढूळ होतं, म्हणजे आतली माती सुटायला लागलेली. तो तसाच घराकडे निघाला.

बायको भांडी घासत होती. तो दारातूनच म्हणाला, "अगं, तुती काढावी लागेल."

तिचा हात थांबला. "वरून छाटा की. बुंधा राहू द्या, पुन्हा फुटेल."

"बुंधा ठेवून भागत नाही. मुळं कुजली की आत पोकळी होते. सगळं खणून काढायचं."

"सगळं?"

"सगळं."

ती आकांत करील असं त्याला वाटलं होतं. तिनं हातातलं भांडं विसळून पालथं घातलं. मग म्हणाली, "खालच्या आळीत लेकरं आहेत. काढा."

धरणातलं पाणी उतरवून मजुरांनी खणायला घेतलं. मनगटाएवढी मुळं निघाली. खड्डा भरताना बायकोनं धुम्मस कुणाच्या हाती दिला नाही. मातीचा एकेक थर तिनंच ठोकून घट्ट केला. वर गवत लावलं आणि मजूर घरी गेले.

"तू येत जा रोज," राखणदार चाचरत म्हणाला. "गवत धरेपर्यंत पाणी लागेलच."

तिनं उतारावरून नजर फिरवली.

"गवत वाढलं की सगळा उतार सारखाच दिसेल हो," ती म्हणाली. "मग माझी पोर मी कुठं शोधू?"

तो तिच्याशेजारी ओल्या मातीत बसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोठ्यानं रडला.