चाळीस पेले

मावशींनी कॅनचं झाकण उघडलं आणि लगेच तोंड फिरवलं. चमचाभर दूध जिभेवर ठेवून पाहिलं. आंबूस लागलं. बाहेर सतरंजीवर चाळीस मुलं रिकामे पेले वाजवत होती.

बालवाडीच्या स्वयंपाकघरात मावशींना एकोणीस वर्षं झाली होती. घरून उपाशी आलेलं मूल कोणतं, हे त्यांना नुसतं त्याच्या पेला धरण्यावरून कळायचं.

मोठ्या बाई लगबगीनं आत आल्या. दहाला पाहुणे यायचे होते, त्यांना मुलं दूध पिताना दाखवायची होती. बाईंनी वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, उकळू नका, फाटेल. नुसतं कोमट करा आणि कोको घाला, मुलांना काय कळतंय.

मावशींनी कॅन उचलून मोरीत उपडा केला.

"बाई, हे मी कुणाच्या लेकराच्या तोंडाला लावणार नाही."

बाईंचा चेहरा उतरला. मावशी मात्र कामाला लागल्या होत्या. उद्यासाठी आणलेली अंडी त्यांनी उकडली, गाजरं चिरली, केळ्यांचे काप केले. पाहुण्यांनी दुधाचं विचारलं, तेव्हा बाई काही जुळवून सांगायच्या आत मावशींनी खरं ते सांगून टाकलं. मुलं खात राहिली.

दुपारी बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. दूध मोरीत ओतल्याचं कळल्यावर दूधवाला रागावला होता, उद्यापासून येणार नव्हता.

"आता तुमचं तुम्ही आणा," बाई म्हणाल्या. "पुलापलीकडच्या गोठ्यावरून. पायी अर्धा तास आहे."

मावशी माघार घेतील, असं बाईंना वाटलं असावं. मावशींनी एवढंच विचारलं, "गोठा किती वाजता उघडतो?"

घरी नवरा त्यांच्या गुडघ्याला तेल चोळताना कुरकुरत होता. या वयात हे शहाणपण कुणी सांगितलं होतं, म्हणाला. मावशी हसल्या. "शहाणपण कसलं? वास आला, ओतून दिलं."

दुसऱ्या दिवशी भरलेला कॅन घेऊन त्या पूल उतरल्या. दर खांबापाशी थांबून हात बदलत होत्या. बालवाडीत पोहोचल्या तेव्हा बोटांवर कडीचे लाल वळ उमटले होते. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी कॅन घ्यायला हात पुढे केला. मावशींनी तो दिला नाही. आत जाऊन त्यांनी दूध चुलीवर ठेवलं आणि उतू जाऊ नये म्हणून तिथंच उभ्या राहिल्या.