सल्लागार बाप

मीटरकाकांना सिनेमातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चुका काढायला कळावंच लागतं असं थोडंच आहे? शिवाय त्यांना रीतसर सल्लागार नेमलं होतं, आणि नेमणूक झाल्यावर गप्प बसणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

अर्धी हयात त्यांनी वीज कंपनीसाठी घरोघर मीटरचे आकडे टिपण्यात घालवली होती. दारात आधी कुत्री अंगावर यायची, मग मालक. एक दिवस त्यांनी नोकरीला रामराम ठोकला, बायकोला आणि तान्ह्या लेकीला घेतलं, आणि विजेचा शेवटचा खांब जिथे संपतो त्याच्याही पुढे, टेकडीवर जाऊन घर बांधलं. वायर नाही, मीटर नाही, फोन नाही. विहीर, भाजीचे वाफे, दोन शेळ्या आणि कंदील. खालच्या वस्तीतले लोक त्यांना अजूनही मीटरकाकाच म्हणत. काकांचा तिळपापड व्हायचा, पण नाव काही खांबासारखं मागे सोडून येता येत नाही.

अशाच एका कुटुंबावर सिनेमा काढायचा, म्हणून एक तरुण दिग्दर्शिका धापा टाकत टेकडी चढून आली. दिग्दर्शिका तीच, निर्माती तीच, आणि युनिटचा सकाळचा चहा गाळायचीही तीच. तिने घर पाहिलं, खूश झाली, काकांना तिथल्या तिथे सल्लागार नेमलं, आणि जरा चाचरत म्हणाली, "काकू, घर सुंदर आहे, पण फारच नीटनेटकं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी तिची माणसं डब्यातून काजळी घेऊन आली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला फासू लागली.

"अरे, जी पुसण्यात माझं आयुष्य गेलं ती विकत आणून लावताय?" काकू कडाडल्या.

"पडद्यावर खरं वाटायला हवं ना, काकू."

"मग मी इतकी वर्षं काय खोटी राहत होते?"

जनरेटर आवाज करतो म्हणून टेकडीखाली ठेवला होता. तिथून एक जाड काळी केबल वळणं घेत थेट काकांच्या अंगणात आली होती. काका ती ओलांडताना धोतर सावरावं तशी पँट सावरत आणि पाय उंच टाकत. लेक मात्र ती केबल धरून खाली जायची आणि जेवायची वेळ झाली तरी वर यायची नाही. युनिटचे लाईटवाले मामा तिला प्लग खोलून दाखवत, होल्डर जोडायला देत. तिसऱ्या दिवशी तर मामा झाडाखाली आडवे झाले आणि दिवे लेकच लावू लागली.

त्याच संध्याकाळी तिने वडिलांना गाठलं.

"बाबा, मला शहरात जाऊन वायरिंगचा कोर्स करायचाय. मामांची बहीण मुलींचं वसतिगृह चालवते. शूटिंग संपलं की त्यांच्याच ट्रकमधून जाते. प्रवेश तोपर्यंतच चालू आहेत."

काकांनी हातातला कंदील खाली ठेवला. सगळ्या जगातले धंदे सोडून पोरीने नेमका हा निवडावा! भाजी विकते म्हणाली असती, विमान चालवते म्हणाली असती, तरी त्यांनी विचार केला असता.

"शूटिंग संपू दे. मग बघू," ते म्हणाले.

"मग बघू म्हणजे नाही," काकू आतून म्हणाल्या. "माहेरी जायचं काढलं की मलाही हेच ऐकवतात."

"अगं, मग बघू म्हणजे मग बघू!"

त्या दिवसापासून शूटिंग लांबेल तितकं बरं असं काकांना वाटू लागलं, आणि ते लांबवणं त्यांच्या हातात होतं. सल्ला द्यायचा, बस्स. बापाचं काम करणारा नट वयाने त्यांच्याएवढाच होता, तरी त्यांना काका म्हणायचा. त्याने कुऱ्हाड उचलली की काका ओरडत, "थांबा! ही कुऱ्हाड धरायची पद्धत आहे की पंखा?" त्याने कंदील लावला की, "वात न कापता? काच काळी होईल!" पुन्हा लाकूड, पुन्हा कंदील, पुन्हा शेळी. एकदा नट नुसता दगडावर बसला, तरी काका म्हणाले, "असे नाही बसत."

"कसे बसतात मग?" नटाने हात जोडून विचारलं.

काका त्या दगडावर बसून दाखवू लागले, तर कालपर्यंत सहज जमणारं बसणं त्यांना आठवेचना. एक गुडघा वर की दोन्ही? काकूंनी पदराआड तोंड लपवलं.

तरी शेवटचा दिवस उजाडलाच. अंगणात कॅमेरा लागला होता. ट्रकमध्ये सामान भरायला सुरुवात झाली होती. आणि लेकीची पिशवी पायरीवर भरून तयार होती. कुणाला न विचारता भरलेली ती पिशवी काकांनी दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा पाहिली नाही असं दाखवलं.

सिनेमाचा शेवट साधा होता. मुलगी शिकायला घर सोडून निघते, बाप दारात उभा राहतो, एक शब्दही बोलत नाही, ती जाते. बस्स.

"चूक!" काका म्हणाले.

दिग्दर्शिकेने डोळे मिटले. "आता काय, काका?"

"असा माणूस गप्प बसणार नाही. पोर घर सोडून चाललीय आणि बाप खांबासारखा उभा? काहीतरी बोलेल तो."

"एवढं मात्र खरं आहे हो," काकू म्हणाल्या. "हे कधी गप्प बसलेत?"

"काय बोलेल?" दिग्दर्शिकेने विचारलं. चिडली होती, पण डोक्यात किडा वळवळलाच. "तुम्हीच दाखवा बरं. दारात उभे राहा. आणि मुलीच्या जागी..." मुलीचं काम करणारी नटी अजून आरशासमोर होती. दिग्दर्शिकेने आजूबाजूला पाहिलं. "तू ये गं. पिशवीही आहेच तुझ्याकडे."

लेक पिशवी उचलून अंगणात उभी राहिली. काका दारात. नट बाजूला सरकून शेंगदाणे सोलत बसला. आज कुठे त्याला पाहायला मिळत होतं.

काकांनी घसा साफ केला. "बाळ, आपण इथे आलो तेव्हा या टेकडीवर गवताची काडी नव्हती. माणसाच्या गरजा मुळात किती? सूर्य उगवतो तो कुणाला बिल पाठवत नाही. मी जेव्हा कंपनीत होतो..."

"कट," दिग्दर्शिका म्हणाली. "काका, ट्रक निघून जाईल."

"तोपर्यंत पोरीचं लग्नाचं वय उलटेल," काकू म्हणाल्या.

"बरं, थोडक्यात." काका पुन्हा उभे राहिले. "जा. पण दर आठवड्याला यायचं. पण बाहेरचं पाणी प्यायचं नाही. पण संध्याकाळनंतर बाहेर पडायचं नाही. पण..."

"यात 'जा' कुठे आहे?" नटाने शेंगदाणे चघळत विचारलं.

"तुम्ही मध्ये बोलू नका, मी तुमचंच काम करतोय!"

तिसऱ्यांदा काका उभे राहिले तेव्हा लेकीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिला सांगितलेलं काम फक्त उभं राहण्याचं होतं. पण ती बोलली.

"बाबा, जाऊ का?"

काकांना कळेना की हे सिनेमातलं विचारणं की घरातलं. त्यांनी दिग्दर्शिकेकडे पाहिलं. ती कॅमेऱ्याला डोळा लावून होती. बायकोकडे पाहिलं, ती आज चेष्टा करत नव्हती. मग त्यांनी लेकीच्या पायांकडे पाहिलं. पायात चामड्याच्या चपला होत्या.

"चामड्याच्या चपलेने काम करायचं नाही," ते म्हणाले. "रबरी तळ पाहून घे. मेन बंद केल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. आणि दुसरा म्हणाला मी बंद केलाय, तरी आपण स्वतः जाऊन बघायचं. मी कंपनीत चांगले चांगले लोक पाहिलेत, दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून जिवानिशी गेलेले. हात ओला असेल तर... ओला असेल तर राहू दे ते काम. दुसऱ्या दिवशी कर."

लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने नुसती मान हलवली.

दिग्दर्शिकेने कॅमेऱ्यावरून डोळा काढला. नाक पुसलं. "काका, सुंदर झालं. पण सिनेमातली मुलगी नर्स व्हायला चाललीय."

"मग नर्सने ओल्या हाताने दिव्याची बटणं दाबायची का?" काका गुरगुरले.

नट शेंगदाण्याची टरफलं झटकत उठला. "म्हणजे मी हे सगळं बोलायचं?"

काका दारातून बाजूला झाले. पायरी उतरताना त्यांनी भिंतीला हात लावला तो काजळीने काळा झाला, आणि तोच त्यांनी डोळ्यांना लावला.

"तुम्ही गप्प उभे राहा," ते म्हणाले. "दिग्दर्शिकाबाईंनी लिहिलंय तेच बरोबर आहे. बोलायला जमत नाही हो."

नटीने येऊन शेवटचं दृश्य केलं. नट दारात गप्प उभा राहिला आणि काकांनी त्याच्या उभं राहण्यात एकही चूक काढली नाही.

दुपारी केबल गुंडाळून ट्रकमध्ये चढवली. तिच्या वेटोळ्यावर लेक बसली. काकूंनी तिच्या मांडीवर डबा ठेवला, मामांना दहा वेळा सांगितलं की सावकाश चालवा, आणि स्वतःचं रडू मामांवर काढलं. ट्रक वळणापलीकडे गेला. काका अंगणात उभेच होते. दिग्दर्शिका मागे राहिलेला कॅमेऱ्याचा तिपाया उचलायला आली, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं,

"तुमच्यात एकदा झालेलं दृश्य पुन्हा घेता ना? परत बोलावून?"

"नीट झालं नसेल तर घेतो."

"आणि हे?"

तिने तिपाया खांद्यावर टाकला. "ओके आहे, काका."

काकांनी मान डोलावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी सल्ला निमूट मानून ते बायकोच्या हातून फडकं घेऊन भिंत पुसायला आत गेले.