पाठ झालेला तक्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. चष्म्याच्या दुकानात, खुर्चीपासून सहा मीटरवर, एका खिळ्याला लटकलेला. वर एक मोठं अक्षर, खाली लहान होत जाणाऱ्या ओळी आणि तळाशी मुंगीएवढी शेवटची ओळ, जिथे भल्याभल्यांची बोबडी वळते. माझी पाठही कोरी नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिथे तीन पायांची एकच खूण वर, खाली, डावीकडे, उजवीकडे वळवून छापली आहे. पाय कुठे वळलेत ते बोटाने दाखवलं की झालं. पण अशी माणसं क्वचितच यायची, त्यामुळे माझी पाठ वर्षानुवर्षं भिंतीकडेच राहिली.

छापखान्यात माझी अक्षरं मोजूनमापून बसवली तेव्हा मला वाटलं, माझ्याइतका खरा कुणी नाही. अक्षर दिसतं किंवा दिसत नाही, यात लबाडीला जागा कुठली? मी किती खुळा होतो, ते ऐका.

दुकानाच्या मालकांना सगळे दुर्बीणकाका म्हणायचे. माणूस खुर्चीत बसला की ते माझ्याकडे वळण्याआधी त्याचे डोळे न्याहाळायचे. शिवणकाम करणाऱ्या बाईंची खालची पापणी त्यांनी हलकेच ओढून पाहिली, तर आतला भाग पांढराफटक. "चष्मा नंतर. आधी रक्त तपासून घ्या," असं सांगून त्यांनी बाईंना परत पाठवलं. एका टपालवाल्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग त्यांना पिवळट दिसला आणि त्याची कावीळ वेळेत कळली. पाववाल्याला दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची, डोळाही ठणकायचा. त्याला तर काकांनी हाताला धरून इस्पितळात नेलं. तो काचबिंदू होता आणि आणखी दोन दिवस गेले असते तर डोळाच गेला असता.

एक सुतार मात्र महिन्यात तिसऱ्यांदा भांडायला आला होता. चष्म्यातून कधी नीट दिसतं, कधी दिसत नाही, अशी त्याची तक्रार होती. काका शांतपणे म्हणाले, "नंबर असा उलटसुलट होतो ना, तेव्हा दोष काचेत नसतो. रक्तातली साखर बघून या." साखर खरोखरच खूप वाढलेली निघाली. सुताराने काकांचे पाय धरले. तेव्हा मीही भिंतीवर जरा ताठ झालो होतो, खोटं कशाला बोलू?

मग काकांचं स्वतःचं सुरू झालं. ते मलाच आधी दिसलं, कारण दिवसभर मी त्यांच्यासमोरच. चार महिन्यांत त्यांनी स्वतःचा चष्मा तीनदा बदलला. टेबलावरचा पाण्याचा तांब्या दुपारपर्यंत रिकामा व्हायला लागला. चप्पल लागून झालेली पायाची जखम महिना उलटला तरी ओलीच होती. हवेत नसलेले डास ते हाताने हाकलायचे आणि मग चष्मा पुसत बसायचे. हीच लक्षणं एखाद्या गिऱ्हाइकात दिसली असती तर त्यांनी त्याला खुर्चीत टेकूही दिलं नसतं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण माझ्या अंगावर अक्षरं असली तरी मला तोंड नाही, मित्रांनो.

त्यांची मुलगी मागच्या खोलीत काचा घासून चौकटीत बसवायची. तिने एकदोनदा हटकलं, तेव्हा ते हसून खुर्चीत बसले आणि माझी शेवटची ओळ धडाधड म्हणून मोकळे झाले. तीस वर्षं लोकांच्या तोंडून ऐकलेली ओळ. ती ओळ काकांना तोंडपाठ होती आणि आपण वाचत नाही, आठवतोय, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांची नजर माझ्यावर नव्हतीच. ती माझ्या खिळ्याच्याही वर कुठेतरी होती. मला थंडगार भीती वाटली.

एके सकाळी माझ्यावरचा दिवा उडाला. दुकानात अंधुक होतं. मुलगी दिवा बदलायला स्टुलावर चढली आणि तिने सहज विचारलं, "बाबा, दिसतंय का आता काही?" काकांनी दिवा बंद आहे हे न ओळखताच शेवटची ओळ म्हणून दाखवली. ती स्टुलावर तशीच उभी राहिली. मग तिने दिवा लावला, मला खिळ्यावरून काढलं आणि पाठ पुढे करून टांगलं.

"बाबा, परत वाचा."

काकांनी वाचलं. वरच्या मोठ्या अक्षरापासून तळाच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं, अगदी बिनचूक. आणि मित्रांनो, माझ्या त्या बाजूला एकही अक्षर नाही.

मुलीने त्यांना जवळ आणलं आणि त्यांचं बोट माझ्यावर टेकवलं. नाक टेकेल इतकं वाकून त्यांनी त्या तीन पायांच्या खुणा पाहिल्या आणि चष्मा काढून ठेवला.

इस्पितळात कळलं, साखर वर्षभर तरी वाढलेली असावी. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त पाझरत होतं. डावा डोळा हातचा गेला होता. उजव्यावर उपचार होतील, पण तो किती टिकेल ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. "आधी आला असतात तर..." एवढं बोलून ते थांबले.

म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नाहीत तरी विनवतो. माझी शेवटची ओळ वाचता आली म्हणजे डोळे चांगले, असं समजू नका. डोळा पिवळा दिसला, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगले, दिव्याभोवती कडी दिसली, नंबर सारखा बदलू लागला, तर कानाडोळा करू नका. आणि जो घरात सगळ्यांची काळजी घेतो, त्याच्या डोळ्यांत कुणीतरी बघा. तो स्वतः बघणार नाही.

आता दर महिन्याला मुलगी काकांना माझ्यासमोर बसवते. मला कुठल्या बाजूने टांगलंय ते सांगत नाही. काका सावकाश, चाचरत वाचतात आणि चौथ्या ओळीनंतर हळूच म्हणतात, "पुढचं दिसत नाही." सहा महिने ते चौथ्या ओळीवरच थांबत होते.

काल ते तिसऱ्या ओळीवर थांबले. मुलीने दुकानाचं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि त्यांचा हात धरून ती इस्पितळाच्या रस्त्याला लागली.